पाण्याखाली हाक कशी मारायची? (टँक बँगर, रॅटल, भोंगा वगैरे)

निवांत_मासोळी

नमस्कार मंडळी,

इथे स्कूबा करणारे किती जण आहेत माहीत नाही, पण तारकर्लीच्या धाग्यावर चार-पाच जण भेटले होते, म्हणून विचारते.

दोन वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स केला, मागोमाग पुढचा, ॲडव्हान्स्ड. आजवर ३१ डाइव्ह झाल्यात. बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, नवराच. गेल्या महिन्यात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला गेलो होतो. १४ मीटर खोली, दिसत होतं जेमतेम सहा-सात मीटर. एका कपारीत मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडं टाकून बसलेला दिसला, म्हणून मी थांबले. नवरा पुढे. मी त्याला हाका मारतेय, म्हणजे रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा तो) तोंडात धरून 'ऊं ऊं ऊं' करतेय. तो आपला चाललाय, सकाळी सारसबागेला चाललेल्या पेन्शनरासारखा. मागे बघणं नाही. दोन मिनिटांत त्याच्या पायातल्या फिन्ससुद्धा दिसेनात.

शिकवलं होतं तसं एक मिनिट आजूबाजूला शोधलं आणि मग वर निघाले. वर येताना सुरक्षेसाठी थांबायचं असतं, ती पाच मीटरवरची तीन मिनिटं एकटीने लटकून काढली. आयुष्यातली सगळ्यात लांब तीन मिनिटं. वर येऊन बोटीजवळ तरंगत राहिले. पाच-सात मिनिटांनी साहेब वर आले आणि म्हणतात, "अगं, तू इथे काय करतेस?"

तर, मला काहीतरी वाजवायला हवंय. नेटवर तीन प्रकार दिसतात: टँकला इलॅस्टिकने अडकवायचा गोळा, आतल्या गोळ्या खुळखुळणारी धातूची नळी आणि हवेवर वाजणारा भोंगा. कोणी वापरलंय? काय घ्यावं? 'नवरा बदल' हा सल्ला बहिणीने आधीच दिलेला आहे.

खवचट_खेकडा

कुल्फीवाल्याची घंटा घ्या. नवरा जिथे असेल तिथून येईल. (कृ.ह.घ्या.)

पॉपकॉर्नवाला

सारसबागेचा पेन्शनर :)) पुढे वाचायला बसलो आहे.

दर्यासारंग_७२

तिन्ही वापरून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टँक बँगर म्हणजे टँकभोवती इलॅस्टिकचं कडं आणि त्यात ओवलेला कडक प्लास्टिकचा गोळा. गोळा मागे खेचायचा आणि सोडायचा. 'टॉक्'. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या टँकवर छान खणखणीत वाजतो. स्वस्त, हलका, बिघडायला आत काहीच नाही. अडचण एकच, तो पाठीवर असतो. जाड वेटसूट घालून हात मागे नेऊन गोळा चाचपडत बसायचं म्हणजे पाठीला खाज सुटलीय आणि हात पुरत नाही, तशातली गत. आणि इलॅस्टिक ऊन-मीठ खाऊन विरतं. माझं अंदमानात ऐन वेळी तुटलं. गोळा तरंगणारा होता, तो माझ्या नाकासमोरून डौलात वर निघून गेला.

रॅटल किंवा शेकर म्हणजे ती खुळखुळणारी नळी. हातात घेऊन हलवायची. बँगरपेक्षा आवाज बारीक, पण सलग येतो. मात्र क्लिपने नुसती लोंबकळत ठेवली तर प्रत्येक किकला वाजते. पाऊण तास तुम्ही बैलपोळ्याच्या बैलासारखे चालता. ती बंजीत (लवचिक दोरीत) खोचून, घट्ट बांधून ठेवायची.

भोंगा: बीसीडी म्हणजे आपलं हवा भरायचं जाकीट, आणि इन्फ्लेटर म्हणजे त्यात हवा भरायचं बटण. टँककडून इन्फ्लेटरला येणारी हवेची नळी (लो प्रेशर होज) आणि इन्फ्लेटर यांच्या मध्ये हा बसतो. बटण दाबलं की बदकासारखं 'क्वाक'. तिघांत आवाज याचाच मोठा. काहींना पाण्याबाहेरही वाजणारा वेगळा हॉर्न असतो, प्रवाहात बोटीपासून लांब वर आलात तर उपयोगी. पण किंमत जास्त, आणि प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात नीट खळबळला नाही तर बटण मिठाने अडकतं. नवीन असताना मी दोनदा इन्फ्लेटरऐवजी भोंगा दाबलाय. वर जायचं सोडून नुसता ओरडत होतो.

माझं मत: तुम्हाला बँगर पुरे.

मिठागर

सगळ्यांची माफी मागून थोडं कडू बोलतो. रॅटलवर बंदी घातली पाहिजे.

मी पाण्याखाली फोटो काढतो. एका न्यूडिब्रँकसमोर (रंगीत समुद्री गोगलगाय) वीस मिनिटं श्वास सांभाळून पडलेलो असतो आणि मागून खुळखुळखुळ. वळून बघावं तर कुठल्यातरी गटाचा गाइड पाहुण्यांना पॅरटफिश दाखवतोय. पॅरटफिश! तिथे दर चार फुटांवर एक असतो. आपल्या लोकांचं देवळात जसं असतं ना, घंटा हाताला लागली की वाजवलीच पाहिजे, तसं झालंय. दिवसभर खुळखुळाट ऐकून लोक लक्ष देणंच सोडतात. उद्या खरंच कोणाची हवा संपली तर त्याच्या खुळखुळ्याकडेही कोणी बघणार नाही.

हॅमरहेडसारखे बुजरे शार्क तर बुडबुड्यांनाही बिचकतात. तिथे खुळखुळा वाजवणाऱ्याला पुढच्या डाइव्हला बोटीवरच बसवावं.

दर्यासारंग_७२

@मिठागर, वीस मिनिटं एका न्यूडिब्रँकपुढे पडलेल्या माणसाचा बडी कुठे असतो हो तोवर?

मिठागर

तो वेगळा धागा होईल.

बोटीवरचो_झिलगो

ताई, माका हसूक इला. तुमी खाली काय वाजवतास तां वर आमका कायच आयकाक येणा नाय. पण आमी वाजवलला तुमका आयकाक येता.

मी सहा वर्सां बोटीर आसंय. खाली गेलेल्या लोकांका बोलवचा झाला तर लोखंडाची शिडी पाण्यात सोडलेली आसता, तिच्यार पान्यान ठण ठण ठण तीनदा मारतंय. थोडा थांबान परत तीनदा. पयल्या वर्सा मी वरसून शिट्टये मारी होतंय, बोंब मारी होतंय. मालक म्हणालो, "अरे येड्या, वरची बोंब पाण्यात जाणा नाय. शिडयेक मार."

आणि एक सांगतंय. इंजिनाचो आवाज खाली आयकलास तर वर येव नकात. शिडयेचो आयकलास तर येवा.

निवांत_मासोळी

@झिलगो, हे शेवटचं वाक्य लिहून फ्रिजवर लावणार आहे. आम्हाला ब्रीफिंगमध्ये हे कोणी सांगितलंच नव्हतं.

@दर्यासारंग, खूप आभार. म्हणजे बँगर ऑर्डर करून टाकू?

भौतिक_मास्तर

थांबा. आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पैसे टाकल्यावर पश्चात्ताप होणार नाही. बँगर वाजवल्यावर नवऱ्याला तुम्ही *हाक मारताय* हे कळेल. *कुठून* ते कळणार नाही.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, कोमट समुद्राच्या पाण्यात १५४० च्या आसपास. साडेचार पट. आवाज डावीकडून आला हे आपल्याला कळतं ते दोन कारणांनी. डाव्या कानाला तो किंचित आधी पोचतो, आणि मध्ये डोकं आल्यामुळे उजव्या कानाला जरा दबलेला ऐकू येतो. हवेत दोन कानांमधला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. पाण्यात तो चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो. शिवाय आपल्या मांसाची घनता पाण्याच्या जवळपास, त्यामुळे डोक्याची आडकाठी उरत नाही. कवटीच्या हाडांतून आवाज थेट आत जातो. मेंदूला वाटतं, आवाज सगळीकडून आला, किंवा डोक्यातच झाला.

आवाजाचा पाण्यातला वेग मोजायचा प्रसिद्ध प्रयोग १८२६ साली जिनिव्हा सरोवरात झाला. कोलाडोन आणि स्टुर्म या जोडगोळीचा. एका होडीतून पाण्यात सोडलेली घंटा ठोकायची आणि त्याच क्षणी वर दारूचा भपका उडवायचा. दहा किलोमीटरहून लांब असलेल्या दुसऱ्या होडीत एक जण पाण्यात कर्णा बुडवून, त्याला कान लावून बसलेला. भपका दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. उत्तर आलं १४३५ मीटर. ८ अंशांच्या थंडगार गोड्या पाण्यासाठी आजही हा आकडा जवळपास बरोबर आहे.

झिलगो यांच्या मालकांनाही माझा दंडवत. हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा हजारावा भागच कसाबसा पाण्यात शिरतो, बाकीचा पृष्ठभागावरून परततो. शिडी पाण्यातच असल्यामुळे तिला ही जकात भरावी लागत नाही.

केळशीची_कन्या

मास्तर, मला पटत नाही. मला बऱ्याचदा दिशा कळते. गाइडने टँक वाजवला की मी बरोबर त्याच्याकडेच बघते.

भौतिक_मास्तर

ताई, गाइड बहुतेक वेळा पुढेच असतो. :)

अगदीच काही कळत नाही असं नव्हे, पण भरवसा ठेवण्यासारखं कळत नाही. तलावावर करून बघा. डोळे मिटून पाण्याखाली राहायचं, मैत्रिणीने दोन स्टीलचे चमचे एकमेकांवर आपटायचे, तुम्ही बोट दाखवायचं.

केळशीची_कन्या

केलं. शनिवारी सोसायटीच्या तलावात, चुलतभावाला घेऊन. दहा वेळा वाजवलं, तीनदा बरोबर. एकदा तर तो पाठीमागे होता आणि मी ठामपणे समोर बोट दाखवलं. वॉचमन काका येऊन "ताई, चमचे कशाला?" म्हणून विचारून गेले. हार मान्य.

फुकट_फौजदार

मग जहाजांना कसं कळायचं? पाण्याखालच्या घंटा असायच्या ना पूर्वी?

भौतिक_मास्तर

चांगला प्रश्न. बॉस्टनची सबमरीन सिग्नल कंपनी १९०१ सालची. दीपनौकांखाली (नांगरून ठेवलेली तरंगती दीपगृहं) पाण्यात घंटा लावायच्या, म्हणजे धुक्यातही जहाजांना इशारा मिळावा. जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आत डाव्या-उजव्या बाजूला एकेक कान, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन. अधिकारी टेलिफोनवर आळीपाळीने दोन्ही बाजू ऐकायचा. डावीकडे मोठा येतोय? मग घंटा डावीकडे. दोन्ही सारखे? समोर. त्या दोन कानांमध्ये अख्खं जहाज उभं होतं, आपल्याकडे फक्त एक डोकं आहे, आणि तेही पाण्यासारखंच.

खवचट_खेकडा

"डोकं, आणि तेही पाण्यासारखंच." मास्तर, शाळेतही असंच बोलायचा का?

जुगाडू_जोशी

विकत कशाला? माझी घरगुती कृती: स्टीलची लहान फिरकीच्या झाकणाची डबी (आईच्या मिसळणाच्या डब्याजवळून, न विचारता) आणि सायकलवाल्याकडून आणलेले १२ छर्रे. झाकणाला टेफ्लॉन टेप. हातात हलवून पाहिली तर गल्लीतली कुत्री उठली.

गोव्यात ग्रँड आयलंडला पहिल्या डाइव्हला झकास वाजली. दुसऱ्या डाइव्हला आवाज जरा घोगरा. तिसऱ्या दिवशी हलवली तर काहीच नाही. उघडली तर आत खारं पाणी आणि बारा छर्र्यांचा मिळून एक तांबडा लाडू. डबी स्टेनलेस होती, छर्रे नव्हते. शिवाय आत पाणी शिरलं की गोळ्या पाण्यातून रांगत जाऊन आपटतात, आवाज अर्धा तिथेच मरतो. विकतच्या नळ्या पक्क्या बंद असतात त्या उगाच नाही.

आईला डबी परत दिली नाहीये. ती अजून शोधतेय.

दर्यासारंग_७२

तांबडा लाडू!! _/\_

तेलविहिरीवरचा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. मुंबई हायला कमर्शिअल डायव्हर म्हणून बरीच वर्षं काढली.

आमच्या हेल्मेटात फोन असतो, वरच्याशी सतत बोलणं चालू. पण फोन गेला तर? मग दोरी. अमेरिकन नौदलाच्या पद्धतीत वरून एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?', खालून एक हिसका म्हणजे 'ठीक'. वरून चार म्हणजे 'वर ये'. खालून दोन-दोन-दोन म्हणजे 'अडकलोय, दुसरा माणूस पाठवा'. तीन-तीन-तीन म्हणजे 'अडकलोय, पण माझा मी सुटतो'. चार-चार-चार आला की प्रश्न विचारायचे नाहीत, सरळ ओढून घ्यायचं. हा एक सोडला तर कोणताही इशारा मिळाला की समोरच्याने तो तसाच्या तसा परत द्यायचा. परत आला नाही तर तो पोचलाच नाही असं धरायचं.

हे सांगायचं कारण, तुम्ही सगळे काय वाजवायचं यावर बोलताय. वाजवल्याचा अर्थ काय, हे नवरा-बायकोत ठरलंय का?

अवांतर: खोल कामाला हेलियम मिसळलेला वायू असतो, त्यात माणसाचा आवाज कार्टूनमधल्या बदकासारखा होतो. वर तो सुधारून ऐकवायला वेगळं यंत्र असतं. सुपरवायझरला बदकाच्या आवाजात शिवी दिली तर तिचा काडीचा उपयोग होत नाही.

निवांत_मासोळी

@तेलविहिरीवरचा, नाही ठरलं. खरंच नाही ठरलं. आमचं ठरलेलं एवढंच, की मी ओरडले की त्याने 'काय झालं?' विचारायचं. तेही घरात.

सातपाटीकर

माशांना मात्र असली नळी लागत नाही. घोळ मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढतो, आतच ढोलकी. आजोबा सांगायचे, घोळीचा थवा खाली असला की होडीच्या तळाला कान लावावा, घुमल्यासारखं ऐकू येतं. आणि तीच पिशवी, आम्ही बोत म्हणतो, बाजारात सोन्याच्या भावाने जाते. बिचाऱ्याची ढोलकीच त्याच्या जिवावर उठते.

मिठागर

वा! पाण्याखाली कान देऊन ऐकलं तर किती काय असतं. रीफवर सतत कढईत फुटाणे फुटल्यासारखा तडतडाट येतो ना, ती पिस्तूल कोळंबी. नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो त्याचा तो आवाज. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणारे या तडतडाटाने वैतागले होते. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो तेही ऐकू येतं, करकर. आणि आपण जाऊन काय करतो, तर खुळखुळा.

फुकट_फौजदार

पॅरटफिशबद्दल एवढं प्रेम? मगाशी तर "दर चार फुटांवर" म्हणत होतात.

संपादक

मंडळी, घोळीच्या पाककृतींचे तीन प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

खाडीपलीकडची

उशीर झाला, पण एक मुद्दा सुटलाय. मी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला डाइव्ह करते. पाणी १०-१२ अंश, डोक्यावर जाड निओप्रीनची टोपी. त्या टोपीतून बारीक आवाज पार दबून जातो. माझ्या बडीचा रॅटल मला शेजारी असतानाही धड ऐकू येत नाही, बँगर येतो. तुमच्याकडे कोमट पाण्यात हा प्रश्न नाही, पण कधी थंडीत गेलात तर लक्षात असू द्या.

दुसरं, स्वतःच्या बुडबुड्यांचा गोंगाट. आपण उच्छ्वास सोडत असतो तेव्हा बाहेरचं फारसं काही ऐकू येत नाही. म्हणून एकदाच वाजवून उपयोग नाही. वाजवा, दोन-तीन सेकंद थांबा, परत वाजवा. एखादा ठोका त्याच्या श्वास घेण्याच्या वेळेत पडतोच.

आणि भोंग्याबद्दल: तो चालतो तुमच्याच टँकच्या हवेवर. हवा संपली की भोंगाही मुका. नेमका ज्या क्षणी जिवाच्या आकांताने ओरडायचं, त्याच क्षणी.

दर्यासारंग_७२

शेवटचा मुद्दा मी लिहायलाच हवा होता. इतकी वर्षं भोंगा बाळगतोय आणि हे कधी डोक्यात आलं नाही. उद्यापासून सोबत बँगरही.

केळशीची_कन्या

टॉर्चचं कोणी बोललंच नाही. दिवसासुद्धा चालतो. समोरच्याच्या नजरेच्या टप्प्यात झोत डावी-उजवीकडे हलवला की 'इकडे लक्ष दे', सावकाश गोल फिरवला की 'ओके'. मागे राहिलेल्याने पुढच्याच्या समोरच्या वाळूवर झोत टाकायचा, तो आपोआप वळतो. फक्त डोळ्यांत मारू नका.

भौतिक_मास्तर

बरोबर. आवाज सांगतो 'बघ', प्रकाश सांगतो 'इकडे'. दोन्ही लागतात.

बोटीवरचो_झिलगो

पावस सुरू जालो. बोट वर काढली. आता दिवाळीकडेन भेटूया.

निवांत_मासोळी

धागा वर काढते आहे, कारण हिशेब द्यायचा राहिला होता. नोव्हेंबरमध्ये परत नेत्राणीला जाऊन आलो.

बँगर घेतला, दोघांनाही एकेक. इलॅस्टिकचं जास्तीचं कडं बीसीडीच्या खिशात. हात मागे पुरत नाही म्हणून कडं टँकवर जरा खाली सरकवलं, आता कमरेशी गोळा सापडतो. मुरुडेश्वरच्या लॉजच्या गच्चीत बसून चहाबरोबर ठरवलं: दोन ठोके म्हणजे 'थांब, मला शोध'. ठोके सलग येत राहिले तर सगळं सोडून ये. दोन ऐकणाऱ्याने आवाजाची दिशा शोधायच्या भानगडीत पडायचंच नाही, जागेवर सावकाश पूर्ण गोल फिरायचं, वर-खालीही बघायचं. वाजवणाऱ्याने तोवर टॉर्च हलवत राहायचं. आणि ऐकणाऱ्याने उलट दोन ठोके द्यायचे, तेलविहिरीवाल्या दादांच्या नियमाने. मासे दाखवायला बँगर वाजवायचा नाही. (मिठागर, नोंद घ्यावी.)

दुसऱ्या डाइव्हला १२ मीटरवर पुन्हा तसंच झालं. मी एका लायनफिशपाशी रेंगाळले आणि साहेब निघाले. फिन्स धूसर व्हायला लागल्या तशी मी गोळा खेचून सोडला. टॉक्, टॉक्. तो थांबला. आधी भलत्याच बाजूला, खडकाकडे बघितलं, सवयीने. मग आठवलं असावं. घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरायला लागला. मी झोत हलवतेय. अर्धा फिरून झाल्यावर त्याला तो दिसला. मागे हात नेऊन त्याने दोन ठोके दिले.

मग जवळ आला, माझ्यासमोर तरंगत थांबला, आणि ओकेची खूण करायची सोडून मूठ तोंडाशी नेऊन कुल्फी चाटल्याची खूण केली. माझ्या मास्कमध्ये हसून हसून पाणी शिरलं.

हा धागा तो वाचत होता हे मला तेव्हा कळलं.

खवचट_खेकडा

मलई की पिस्ता?